पंच क्रमांक दोन

अक्कलकोट रोड एमआयडीसीत, पाण्याच्या टाकीसमोर
माझं झेरॉक्सचं दुकान.
साडेदहाला बँकेचा माणूस आला. म्हणाला,
पंच पाहिजेत दोन. एक मिळालाय, पंक्चरवाला.
तुम्ही या. अर्ध्या तासाचं काम आहे.

चार तास लागले.

मल्लेशम गुर्रम यांना मी कागदांवरून ओळखतो.
कर्ज मंजूर झालं तेव्हा एकशे ब्याऐंशी पानं,
गुणिले तीन.
खरेदीखत, शेडचा नकाशा, बायकोचं जामीनपत्र.
तिच्या पॅनवरचा फोटो नुसता काळा येत होता,
तर म्हणाले, जरा उजळ काढा की, बँकेत जायचंय.
पेढे दिले होते त्या दिवशी.

मग पानं कमी होत गेली.
वीजबिल. मुदत मागणारा अर्ज. पुन्हा अर्ज.
साठ दिवसांची नोटीस मीच काढून दिली, वकिलासाठी.
गिऱ्हाइकाचं आपण वाचायचं नसतं,
पण कागद काचेवर पालथा घालताना
आकडा दिसतोच.

आज बँकेचे साहेब, तरुण, कॉलर घामानं ओली,
जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मोठ्यानं वाचतात.
दोन पोलीस सावली शोधतात.
गुर्रम दाराशी चप्पल काढतात, सवयीनं.
साहेब थबकतात. बूट काढू की नको.
नाही काढत.

यंत्रमाग, चोवीस.
तेवीस धरा, गुर्रम म्हणतात,
सात नंबर बाणा तोडतो,
घेणारा उद्या शिव्या मला देईल.
साहेब लिहितात: चोवीस. अवस्था, आहे तशी.
सुताची पोती, एकोणीस. बीम, सहा.
मार्कंडेयाचा फोटो, हार सुकलेला.
हा घेऊन जा तुम्ही, साहेब हळू आवाजात म्हणाले,
देव तारणात नाही.

नऊ नंबरच्या मागावर टॉवेल अडकलेला, अर्धा.
हिरवा काठ एका टोकाला आलाय, दुसरा यायचाय.
पंचानं विचारू नये, तरी विचारलं,
हा कुठल्या रकान्यात?
साहेबांनी करारनामा चाळला,
माझ्याच मशीनवरची प्रत, डाव्या कडेला ती काळी रेघ,
काच पुसायची राहिलेली.
बोट ठेवलं: कच्चा माल, तयार माल
आणि अर्धतयार माल, सध्याचा व यापुढचा.

म्हणजे सात वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं
या टॉवेलबद्दल.
तेव्हा त्याचा कापूससुद्धा कुणी पेरला नव्हता.

गुर्रम यांनी त्यावरून हात फिरवला, फणीपर्यंत.
बायको तेलुगूत काहीतरी म्हणाली. ते हसले.
मी अर्थ विचारला नाही.

कुलूप. कुलपावर कापड. कापडावर लाख.
लाख वितळवायला काडेपेटी कुणाकडेच नाही.
गुर्रमच देतात, उदबत्तीसाठी ठेवलेली.

सही केली. पंच क्रमांक दोन, वय बावन्न, धंदा झेरॉक्स.
पंचनाम्याच्या चार प्रती हव्या होत्या,
मग सगळी वरात माझ्याच दुकानात.
साहेबांनी रोख दिले, पक्की पावती घेतली.
तोही खर्च शेवटी
गुर्रम यांच्याच कर्जखात्यात लागतो म्हणे.

गल्ल्याखाली माझी वही आहे.
गुर्रम टेक्सटाइल, बाकी तीनशे चाळीस.
तारण काही नाही.
मागितले असते तर दिले असते त्यांनी तिथल्या तिथं,
बायकोच्या पिशवीतून.

मशीननं शेवटचं पान सरकवलं, गरम.
गुर्रम यांनी आपली प्रत उजेडात धरली,
सहीच्या जागी डाग पडला होता.
जरा उजळ येईल का, म्हणाले.

पुन्हा काढून दिलं ते पान.
वही उघडली, त्यांच्यासमोरच लिहिलं:
दोन रुपये. एकूण तीनशे बेचाळीस.
खातं चालू.