चालूच राहू दे

साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन
आणि फोनमध्ये रॉटरडॅम.
रॉटरडॅम म्हणजे एक भिंत, खिडकीचा कोपरा,
खुंटीवर श्रीरंगचा काळा कोट.
त्याला इकडचं काय दिसतं? बहुधा कोथिंबिरीची जुडी
आणि माझं कोपर.

बोलत आम्ही फारसे नाहीच.
आधी बोलायचो. जेवलास का, थंडी किती,
पोरवालांच्या सुनेला मुलगी झाली.
मग विषय संपले, फोन बंद करायचा राहून गेला,
उठतो उठतो म्हणत पाहुणा
दारातच तासभर उभा राहतो तसा.
"चालूच राहू दे गं, नेट काय फुकटच आहे."
फुकट कसलं!
आमच्या लोकमान्य नगरात हल्ली
दुधाच्या आधी त्याचं बिल भरतात.

मला त्याची किटली ओळखू येते,
आधी पुटपुटते, मग खट्.
त्याला माझा कुकर.
परवा मी गच्चीवर कपड्यांशी झटत होते
आणि खाली हा एकटाच ओरडतोय,
"आई, तिसरी झाली! गॅस बंद कर!"
वरण वाचलं.
साडेसहा हजार किलोमीटरवरून वाचवलेलं वरण
जरा लागलेलंच होतं, पण जेवले.

कधी कधी नको होतं.
माणसाला एकटीने ढेकर द्यावासा वाटतो,
पोरवालकाकींपाशी त्याच्याचबद्दल कुरकुरावंसं वाटतं.
तेव्हा मी फोनवर फडकं टाकते.
आमच्याकडे पोपट होता, त्याच्या पिंजऱ्यावर
सासरे रात्री जुनं धोतर टाकायचे.
हा पोपट फडक्याखालून विचारतो,
"अंधार का केलास?"

बुधवारी सकाळी आठला कचऱ्याची गाडी आली.
तिचं गाणं लांबून ऐकू येतं
आणि सगळी गल्ली बादल्या घेऊन धावते.
इंदूरचा माणूस एक वेळ देवाला चुकेल, गाडीला नाही.
मी पोह्यांवर जिरावण भुरभुरत होते.
"आई, गाडी आली. ओला-सुका वेगळा केलास ना?"

केला होता. भरल्या बादल्या नेल्या, रिकाम्या आणल्या
आणि जिन्यात थांबून बोटांवर मोजलं.
इथे आठ, म्हणजे तिथे साडेतीन.
पहाटेचे.

तोवर नुसती बघत होते, आता पाहायला लागले.
त्याच्या खिडकीतलं ऊन दुपारी भिंतीवर येतं,
कोटाच्या तिसऱ्या बटणापर्यंत पोचतं, उतरतं.
सोमवारी. मंगळवारी. कामाच्या दिवशी.
कोट अकरा दिवसांत हललेला नाही.
खिशातून ऑफिसच्या ओळखपत्राची निळी दोरी लोंबायची,
ती दिसत नाही.

विचारलं नाही.
विचारलं तर क्षणभर शांतता होईल, मग तो म्हणेल,
"नेट गेलं होतं गं."
नेट जातं तेव्हा चित्राचे चौकोन होतात.
माणूस गप्प होतो तेव्हा चित्र स्वच्छ असतं,
एवढं मला आता कळतं.

मिल बंद पडली तेव्हा ह्याचे वडील
तीन महिने डबा घेऊन घरातून निघत,
नेहरू पार्कच्या बाकावर जेवून सहाला परत येत.
मी रोज डबा भरला. चाराच्या पाच पोळ्या केल्या,
बाकावर भूक जास्त लागत असेल म्हणून.
त्या बाकासमोर कुणी फोन टेकवून ठेवला नव्हता.
बरं होतं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

आज डाळ लावली.
दोन शिट्ट्या झाल्या. मी मुद्दाम हलले नाही.
फोनमध्ये भिंत, कोट. किटली नाही.
तिसरी.
चौथी.
गॅसच्या बटणावर हात ठेवून
मी रॉटरडॅमकडे बघत उभी.

"आई?" आवाज घोगरा, उशीतून आल्यासारखा.
"किती झाल्या? माझ्या मोजायच्या राहिल्या."

"झोप तू," म्हटलं. "चालूच राहू दे.
मी मोजते."