नवानं भाग जाते

बारावीचा निकाल लागला तेव्हा
अमरावतीच्या कॉलेजचा फॉर्म कपाटावर होता, कोरा.
दिवाळी सरली, कापूस निघाला,
आणि मी दर्यापूरला मुंधडांच्या जिनिंगवर
वजनकाट्याच्या खोलीत बसले.
काम एवढंच:
गाडी चढली की भरलेलं वजन,
माल उतरला की रिकामं,
वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची.
संध्याकाळपर्यंत केसांत रुई बसायची.
आई म्हणे, दिवसभरात म्हातारी होऊन येते पोरगी.

शेजारच्या खोलीत ढोके दिवाणजी.
कंप्युटरकडे पाठ, त्यावर त्यांचा मफलर वाळत.
आठवडाभर माझ्या चिठ्ठ्या पाहिल्या,
मग म्हणाले,
"तुहा सात एकासारका दिसते.
पह्यले सात सुधार. मंग बोलू."

पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर मी सात सुधारला.
घरी, शेणानं सारवलेल्या अंगणातही, काडीनं.

मग ते बोलले.
"घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा.
येवढंच हाय. बाकी सारं कागद काळे करनं."
मी विचारलं, मग कॉलेजात तीन वर्षं काय शिकवतात?
ते चष्मा पुसत राहिले.
ते स्वतः सातवी,
हे मला रुई वेचणाऱ्या बायांनी सांगितलं,
फार नंतर, आणि हळू आवाजात.

पहिल्या मार्चात माझी तेरीज जुळेना.
सत्तावीसशेचा फरक.
तीन दिवस मी पान न् पान उलटलं.
येवद्याची शेवटची काळीपिवळी निघून गेली,
पोटात गोळा आला: शेठ म्हणतील, पोरीनं उचलले.
दिवाणजींनी वह्या पाहिल्याच नाहीत.
"नवानं भाग जाते का?"
गेला. बरोबर तीनशे.
"मंग आकडे उलटे पडले कुठीतरी.
चोरी नोहे थे. चोरट्याले इतका हिशेब कायले येते?"

हमाली खात्यात सापडलं.
मुकादम बोलला होता त्रेसष्टशे,
आणि मी ऐकलं तसं लिहिलं होतं,
तीन आधी, सहा मागून.
आपल्या भाषेत तोंड एकम आधी देतं,
कागद मात्र दहम आधी मागतो.
दोघांच्या मध्ये जो अर्धा श्वास आहे
तेवढ्यात थांबता येणं,
पगार मला त्याचाच मिळतो, असं वाटतं.

दिवाणजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.
मफलर घेऊन गेले, कंप्युटर माझ्याकडे वळवून.
रविवारी शेठच्या पुतण्याच्या मागे उभी राहून
मी टॅली शिकले, त्याला न कळता.
आत गेल्यावर कळलं,
तिथेही नावे आणि जमाच बसलेले आहेत,
फक्त खुर्च्या बदलून.

अकोल्याहून ऑडिटला मुलगा आला,
इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा.
"मॅडम, बी.कॉम. कुठून केलं?"
मी पाण्याचा ग्लास पुढे केला.
आमच्याकडचं पाणी खारं, त्यानं एकच घोट घेतला.
दुपारी त्याच्या तक्त्यात अठरा रुपये जुळत नव्हते.
तो बेरीज पुन्हा पुन्हा मारत होता,
माझ्या जिभेवर वाक्य आलेलं.
थोडा वेळ, खरं सांगते,
मी ते तसंच ठेवलं.
मग म्हणाले, "नवानं भाग जाते."

महिनाअखेरीला पगाराची नोंद मीच करते.
पगार खाते नावे, रोख खाते जमा,
खाली तपशिलात माझं स्वतःचं नाव:
शालू गजानन खंडारे.
सात बाराच्या उताऱ्यावर नाही, कपाटावरच्या फॉर्मवर नाही,
इथे आहे, दर महिन्याला, टाईप केलेलं.
दिवाणजींचं खातं मी कुठेच उघडलं नाही.
कोणत्या गटात टाकायचं, ते कळत नाही.

काळीपिवळीत आज बाराजण.
पांडू ड्रायव्हर मागे वळून ओरडतो,
"येवदा, पस्तीस!"
त्याच्या तोंडून पाच आधी निघतो.
मी मनात आधी तीन लिहिते,
मग पिशवीत सुट्टे शोधते.