दीड इंच

माझं काम लाकडाचं. लोखंड ताहेरशेठ बघतात.
जांभळी नाक्यामागे, वजनकाट्यांच्या दुकानाला लागून
आमचा गाळा. सहसा कुणाला सापडत नाही.
ज्याला सापडतो त्याच्याकडे परवाना असतो.

वनिता देसले शिरोशीहून आली, यष्टीने.
गोणपाटात बापाची एकनळी,
कापडी पिशवीत अठरा हजार, रबर लावलेले,
आणि चार वर्षं कचेरीत फिरून
आता कुठे तिच्या नावावर झालेला कागद:
पीक संरक्षण.
"ही घ्या," म्हणाली, "आणि अशी एक द्या
जी सगळ्याला चालेल. कोयत्यासारखी."

शेठनी आधी दोननळी काढली,
बाजूला चांदीचं काम, उड्या मारणारी हरणं.
तिने हरणांवरून बोट फिरवलं.
"ह्यांना पुसायला गडी ठेवावा लागेल."

मग रायफल. जुनी, पण देखणी.
शेठ म्हणाले, हिची गोळी खाडी ओलांडून कळव्यात जाईल.
ती गप्प. ओठ मात्र हलत होते, हिशेब करताना हलतात तसे.
"माझं शेत अडीच एकर.
पलीकडे माळ्यावर चुलता निजतो,
त्याच्या पलीकडे आश्रमशाळा.
माझं शेत जेवढं, तेवढंच लांब जाणारं दाखवा."

तीस वर्षांत ह्या गाळ्यात
लांब मारणारं मागणारेच आले.
माझ्या हातातला रंधा तसाच राहिला.

डुकरं पाच-सहा येतात, ती सांगत होती,
भात दुधात भरलं की.
खातात थोडं, लोळतात फार.
बापाने किती मारली?
"एक नाही. मारायला वनखात्याचा कागद लागतो,
कागद येईतो डुकरीण पिलं घालून जाते.
नुसता आवाज करायचा.
तोही जपून, काडतूस काय फुकट येतं?
त्यात निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा.
डुकरांना कुठली आचारसंहिता."

"आवाजाला फटाके आहेत की," शेठ.
"फटाके त्यांना चार दिवसांत कळले."

मी गोणपाट सोडलं.
शिसवीचा दस्ता, कुणी गावच्या सुतारानेच बसवलेला,
बोजड, पण मनापासून.
एका जागी पॉलिश उडून लाकूड उजळलेलं,
तिथे गाल टेकायचा तिचा बाप.
नळी आतून स्वच्छ. चाप कुरकुरत नव्हता.
"मग विकता का?"
तिने पदर जरा सरकवला, खांद्यावर
जांभळं होऊन पिवळं पडत आलेलं.
"फार लाथ मारते."

"वडील उंच होते?"
"दारात वाकायचे."

तिचा हात मी काटकोनात धरायला सांगितला,
कोपराच्या खळगीपासून चापाच्या बोटापर्यंत
पट्टी लावली.
"बंदूक वाईट नाही, बाई. लांब आहे.
दीड इंच."

शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
त्या नजरेत अठरा हजार होते.

करवत शिसवीत शिरली की एक वास येतो,
थोडा गोड, थोडा बंद पेटीसारखा.
ती जवळ येऊन उभी राहिली. बोलली नाही.
टाचेला रबर बसवलं, कड घासली,
तेल लावलं, पण गालाच्या डागावर नाही.
तेवढं तिने न सांगता मला कळलं.

रिकामी बंदूक तिने खांद्याला लावली,
भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादशीवर धरली.
गाल डागावर पडला नाही. बोटभर पुढे पडला.
पुन्हा उतरवली, पुन्हा लावली.
पुन्हा पुढेच.
"असू दे," म्हणाली.

अकराशे झाले.
कापलेला तुकडा मी केराच्या डब्याकडे नेत होतो,
तिने हातातून घेतला.
"कोयत्याची मूठ हलते. पाचर होईल."

आणि पायरी उतरताना वळून:
उरलेल्या पैशात कुंपणाची जाळी कुठे मिळेल?
मी हात करून पलीकडची गल्ली दाखवली.

शेठ त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.
चहा मात्र मागवला, दोन.