कुदळभर

त्या वर्षी राब भाजला नाही.
गोविंद भुवड बांधावरून म्हणाला,
"पाचोळा साठवून काय सोनं होणारे?"
मी ओझी वाहत राहिले:
ऐनाची पानं, गोठ्यातलं शेण,
पालशेतच्या बंदरावरून कोळंबीची टरफलं,
ज्यांच्या वासानं सासूबाई
दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

पोफळींखाली कुळीथ पेरले.
निम्मे डुकरांनी नेले,
उरले ते फुलावर येताच गाडले.
घरात कुणी काही बोललं नाही,
तेच जास्त लागलं.

चौथ्या वर्षी फणसाच्या बुंध्याशी
कुदळ मारली. खण्ण वाजली नाही.
जांभ्याची लाली ओल्या चहापत्तीसारखी काळवंडलेली,
आणि तिच्यात एक गांडूळ,
थोडक्यात वाचलेलं.

कुणाला हाक मारली नाही.
माती परत लोटली,
आणि हातांचा वास घेत घरी आले.
कोळंबीचा नव्हता.