कमरेइतकं पाणी

चाळीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली.
आता निवृत्त होऊन एका पलटणीची मोजणी करतोय:
कोण कुठल्या गावचा, गेले किती, आले किती.
बायको म्हणते, यानं पेन्शन वाढणार हाय काय?

एकच माणूस तीन कागदांत तीन माणसं होतो.
उताऱ्यावर कन्नडमध्ये लुमण्णा,
पलटणीच्या यादीत इंग्रजीत लूमन,
आणि पोस्टकार्डाच्या तळाशी, मोडीच्या एका फटक्यात,
लुमाण्णा सिद्राय हुंदरे.
गावाचं नाव तर कारकुनानं असं काही लिहिलंय
की कडोलीसाठी मी कोलार जिल्हा पालथा घालून आलो.

युद्धडायरीची झेरॉक्स, पान एकशे चौदा.
साहेबाचं पेन्सिलीतलं तिरकं, घाईचं अक्षर.
पहाटे चारला नदी ओलांडली. पाणी कमरेइतकं.
खेचरं गेली दोन. (खाली दोघांचे नंबर.)
शिपाई सात.
सातांचा नंबर सात, एवढाच.

शनिवारी बसस्टँडवरून कडोलीची गाडी धरली.
तानव्वा परड्यात शेंगा फोडत बसलेली.
"कशाला हुडकूलास आता? माती झाली की सगळ्यांची."
मग थोड्या वेळानं, आपणहून:
"मी बघितलोच न्हाई त्याला. पोटात होतो मी तवा.
नदीत बुडाला म्हणत होते."
मी पान उघडलं, मराठी करत करत वाचू लागलो.
नदीचं नाव माझ्या तोंडात नीट बसेना.
पाणी कमरेइतकं, म्हटलं,
आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कुणाच्या कमरेइतकं?"

मी गप्प.

"लिवणाऱ्याच्या, का माझ्या बाच्या?"

अकरा वह्या भरल्या, हे मला सुचलं नव्हतं.
मला! वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कुऱ्हाड घेऊन उभे असताना
मधे टेप धरून बसलेल्या माणसाला.

घरी येऊन भरतीची नोंद काढली.
उंची पाच फूट दोन इंच. छाती बत्तीस.
डाव्या भुवईवर जुना व्रण.
साहेब सहा फूट धरला;
ग्रुप फोटोत त्याची टोपी झाडाच्या फांदीला टेकलीय.
मागच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं दोघांना उभं केलं,
एकाच्या कमरेवरून दुसऱ्यावर रेघ ओढली.
ती आली छातीच्या खिशावर.

त्या खिशात काय असतं, हे वेगळं शोधावं लागलं नाही.
तानव्वाच्या पत्र्याच्या डब्यातल्या कार्डाचा
मोबाइलवर फोटो घेतला होता.
शाई फुटलेली, मधल्या चार ओळींचं निळं डबकं.
घरात सगळे सांगत आले, आईच्या डोळ्यांचं पाणी ते.
मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.
फील्ड पोस्टाचा काळा शिक्का डागावर पडलेला,
कडा स्वच्छ, कुठं फुटलेला नाही.
म्हणजे आधी पाणी, मग शिक्का.
शिक्क्यावरची तारीख
नदीनंतर तिसऱ्या दिवसाची.

पुढच्या शनिवारी पुन्हा तीच गाडी, तेच परडं.
आईच्या डोळ्यांचं काही बोललो नाही.
एवढंच म्हटलं, मावशी, तो नदीतून भायेर आला होता.
तीन दिवस तरी होता.
पुढचं अजून सापडलं नाही.

तिनं बराच वेळ मान वर केली नाही.
सुपात शेंगदाणे पडत राहिले.
मग टरफलं एका बाजूला सारत म्हणाली,
"अंगावरचं वाळलं असंल काय रे त्याच्या
तीन दिवसात?"

बघतो, म्हणालो.
डायरीत रोज वरच्या कोपऱ्यात
साहेबानं हवा लिहिलेली असते.