उदाहरणाची जागा

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मावळतो.
कोशाच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
हेल्यू पार्तेल हातमोज्यांची बोटं कापून लिहीत बसायच्या.
मी एकोणीस वर्षांची. चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावायचे.
त्या आठवड्यात 'ए'चा खण निघाला होता,
आणि एका शब्दापाशी काम अडलं.
एंट्रॉपी.

आधी त्यांनी लिहिलं, अव्यवस्था.
मग खोडलं. म्हणाल्या, अव्यवस्था तर माझ्या टेबलावर आहे,
मला त्यात सगळं सापडतं.

मग आम्ही तळघरात उतरलो.
एंडेल बॉयलरमध्ये पीटच्या विटा टाकत होता,
भुवयांवर दलदलीची तपकिरी धूळ.
तुम्ही काय म्हणता याला, हेल्यूंनी विचारलं,
जणू तोही संपादक मंडळावर होता.
त्याने पाइपाकडे बोट केलं.
इथे हात भाजतो. तुमच्या मजल्यावर कोमट.
छपरावर जरासं बर्फ वितळतं, बस.
उष्णता कुठे जात नाही, बाई. पांगते.
पांगलेली भरून आणायला
माझ्याकडे फावडं नाही.

वर आल्यावर घाईत मी खण जास्तच ओढला.
अकराशे चिठ्ठ्या जमिनीवर.
विस्कटायला त्यांना किती वाटा होत्या,
आणि जागेवर यायला एकच.

हेल्यू रागावल्या नाहीत. गुडघे टेकून उचलू लागल्या.
रात्री नऊला शेवटची चिठ्ठी बसली.
मी म्हटलं, बघा, उलटं फिरवलं आपण!
त्यांनी खिडकीकडे पाहिलं.
काचेवर आमच्या श्वासांचं दव गोठलं होतं.
अर्धी काळी पाव संपली होती,
दिवा पाच तास जळला होता,
आणि खाली एंडेलने
आमच्यासाठी आणखी एक गाडी रिकामी केली होती.
खण आवरला, त्या म्हणाल्या,
पसारा खिडकीबाहेर टाकला.

व्याख्या छापली गेली, चार ओळी, निर्दोष.
उदाहरणाचं वाक्य मंडळाने कापलं:
घरगुती आहे, म्हणाले.

ती चिठ्ठी माझ्याकडे आहे.
हेल्यूंचं अक्षर, मऊ पेन्सिल:
'एंडेल घरी गेला, आणि पाइप
हळूहळू खोलीसारखा झाला.'

हल्ली काढून वाचते, तेव्हा
अंगठ्याला थोडं करडं लागतं.