काचेपलीकडचं झाड

मांजराच्या पोटात काय काय सापडतं, मला विचारा.
हापसालूच्या दवाखान्यात अकरा डिसेंबर काढलेत मी,
दिवा खाली ओढून, डॉक्टरांच्या हाती चिमटे देत.
ती चमकी, झाडावर झिरमिळणारी,
आतड्यात शिरली की ओढलेल्या नाडीसारखी
चुण्या घालत जाते.
एकदा तर अख्खा देवदूत निघाला, कापसाचा.
एक पंख कमी होता.
तो आम्ही रात्रभर शोधत होतो.

म्हणून बाबांना म्हटलं, यंदा झाड नको.
बाबा दारात, बुटांवरचा बर्फ झटकत,
खांद्यावर माणसाएवढं फरचं झाड
आणि कोटाच्या खिशातून डोकावणारी न्योप.
न्योप म्हणजे बटण.
नोव्हेंबरात रोहुक्युलाच्या धक्क्यावर
दोरांच्या वेटोळ्यात सापडली,
तेव्हा बाबांच्या कोटाचं तिसरं बटण नव्हतं.
"हे घे, मिळालं," म्हणाले होते.

चाळीस वर्षं बोटी बांधल्या या माणसानं.
झाड बांधणं ते काय!
छताच्या हुकाला दोर, दोराला अशी गाठ
की वादळानंही सुटू नये.
न्योप झाडावर चढलीच नाही.
दोरावरून उतरली, वरून.

मग मी संत्र्याच्या साली पसरल्या बुंध्याशी.
या वासाला मांजर नाक मुरडतं
असं लोकांना मीच सांगते, पैसे घेऊन.
न्योपनं एक साल हुंगली, शिंकली,
आणि पहाटेपर्यंत तिच्याशी चेंडू खेळली.

तिसऱ्या रात्री धप्प झालं.
दिवा लावला, तर लांब लोकरी चड्डीत बाबा,
दोन्ही हातांनी झाड धरून,
फुटलेला धक्का सोडून बोट निघालीय जणू.
आणि शेंड्यावर, चांदणीच्या जागी,
नऊशे ग्रॅमचा आक्रोश.
"काढ तिला."
"आधी तुम्ही हलू नका."
"मी कुठे हलतोय? झाड हलतंय."

सकाळी न बोलता त्यांनी झाड उचललं
आणि व्हरांड्यात नेऊन ठेवलं, काचेच्या.
तिथे शेगडी नाही, उणे चौदा असतं.
कडी लावली. वायर फटीतून आत घेतली,
तिला जाड नळीचं चिलखत चढवलं.
चमकी मी जाळायला घेतली,
मग नको म्हटलं, धूर होईल,
बरणीत कोंबून फडताळाच्या माथ्यावर ठेवली.

चोवीस तारखेला तीनलाच अंधारलं.
आम्ही कब्रस्तानात गेलो, सगळं गाव जातं तसे,
बर्फात शेकडो ज्योती, आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही.
आईच्या दगडापाशी हातांचा आडोसा करून
मेणबत्ती पेटवताना मी मनात
घरातले प्लग मोजत होते.
बाबा वाकले. टोपी काढली.
"मांजर आणलंय," त्यांनी आईला सांगितलं,
"बाकी ठीक."

घरी आलो तर टेबलावर
आंबट सायीचा वाडगा आरशासारखा लख्ख.
डोळे मिटून दूध पितं म्हणे मांजर.
आमचं टक्क उघड्या डोळ्यांनी
मिशांना पांढरं लावून बघत होतं आमच्याकडे.
गुलामाला लाज नाही, बाबा म्हणाले,
आणि आपल्या वाटणीची साय शोधायला
तळघरात गेले.

जेवणं झाली. खोलीतला दिवा मी मंद केला.
व्हरांड्यात झाड उजळलं,
काचेच्या कडांना धरलेलं दव पिवळं झालं.
न्योप खिडकीच्या फळीवर जाऊन बसली,
शेपूट पायांभोवती गुंडाळून, अगदी शहाण्यासारखी.
आणि तिचं प्रतिबिंब, काचेत तरंगत,
थेट मधल्या फांदीवर.
दोन हिरवे दिवे, जास्तीचे.

बाबांनी बराच वेळ पाहिलं.
"चढलीच की शेवटी," म्हणाले.

मी उठून कडी पुन्हा एकदा तपासली.